तिने पाटी उलटी धरली होती
(वार्षिक उपकारस्तुतीच्या उपासनेत दिलेले भाषण)



मागच्या जानेवारीत आपल्या वसतिगृहातल्या बारा मुलींना घेऊन मी मुंबई मॅरेथॉनला गेले होते. काहींनी तेव्हा विचारले, "ताई, रविवारची उपासना सोडून पळायला?" उपासना आम्ही शनिवारी संध्याकाळीच केली होती. त्या रविवारी माझी चूक झाली, पण ती वेगळीच. तिची साक्ष आज द्यायची आहे.

ही मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. पूर्ण अंतर ४२.१९५ किलोमीटर. मुंबईची हवा जानेवारीतही दमट असते. घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. म्हणून मोठी शर्यत पहाटे अंधारातच सुरू करतात. तरी हळू पळणाऱ्यांना परतताना पेडर रोडचा चढ उन्हातच चढावा लागतो. जागोजागी स्वयंसेवक पाणी घेऊन उभे असतात. या मॅरेथॉनमधून सेवाभावी संस्थांसाठी निधीही गोळा होतो. आम्ही त्यासाठीच गेलो होतो.

आमच्या मुली सुमारे सहा किलोमीटरच्या 'ड्रीम रन'मध्ये होत्या. प्रत्येकीच्या हातात मी पाटी दिली होती : 'गरीब आदिवासी मुलींना मदत करा.' लोक थांबून फोटो काढत होते. मला बरे वाटत होते.

थोड्या वेळाने पाहिले, तर मोखाड्याकडची नववीतली एक मुलगी पाटी उलटी धरून चालली होती. अक्षरे तिच्या अंगाकडे, कोरी बाजू लोकांकडे. मी तिला रागावले. तिने पाटी सरळ केली, पण मान खाली घातली.

परतताना गाडीत ती म्हणाली, "ताई, पैसे देऊन पळणारे लोक पहिल्यांदाच बघितले." सगळ्या हसल्या. मग हळूच म्हणाली, "सगळ्यांच्या छातीवर नंबर होता. आमचा नंबर पाटीमागे झाकला गेला. पाटी नसती तर मी पळाले असते."

रात्री मला झोप लागली नाही. ज्या भागात पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी टेकडी उतरावी लागते, तिथली ही मुलगी. चढ तिला नवा नाही. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत अशाच डोंगरातल्या, आदिवासी समाजातल्या. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये त्या मॅरेथॉन धावल्या. त्यांच्या छातीवर देशाचे नाव होते.

पौलाने करिंथकरांस लिहिताना विश्वासणाऱ्याला शर्यतीत धावणाऱ्याची उपमा दिली. हा उतारा मी ईश्वरज्ञानाच्या पदविकेला शिकले, नंतर कितीदा शिकवलाही. पण धावणारी मुलगी समोर असताना मी तिच्या हातात पाटी दिली. देवाने तिला पाय दिले होते. मी फक्त तिची गरिबी पाहिली.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीची क्षमा मागितली. ती लाजली आणि म्हणाली, "ताई, मला बूट पाहिजेत."

प्रियजनहो, निधीची गरज आजही आहे. धान्य, वह्या, औषधे यांना पैसे लागतात, आणि तुम्ही प्रेमाने देता याबद्दल देवाचे उपकार मानते. पण यापुढे आपल्या मुलींच्या हातात ती पाटी असणार नाही. आता रोज सकाळी प्रार्थनेनंतर सात मुली वसतिगृहामागच्या रस्त्यावर पळतात. पुढच्या जानेवारीत त्या पुन्हा मुंबईला येतील. तुम्हीही या. दया म्हणून फोटो काढू नका; रस्त्याच्या कडेला उभे राहून त्यांची नावे घेऊन हाका मारा. आणि जमलेच, तर त्यांच्याबरोबर चार पावले पळा.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.