हे मरण टळले असते का?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



दरवर्षी ह्या दिवशी मी मसालेभाताच्या पातेल्यापाशी असते आणि बोलण्याचे काम शिकल्यासवरलेल्या बायका करतात. यंदा चिटणीसबाईंनी माझेच नाव पुकारले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. माझ्या धाकट्या जावेची मुलगी परिचारिका आहे. तिने आकडे समजावून दिले, ते वहीत उतरवून आणले आहेत. बोलणे मात्र माझे.

आपण एखादे इस्पितळ चांगले कशावरून म्हणतो? लादी चकचकीत आहे, लिफ्ट आहे, डॉक्टरीणबाई गोड बोलतात. मुलीला बाळंतपणाला कुठे न्यायचे ह्याची चर्चा आपल्या ओट्यावर कितीदा झाली असेल! पण तिथे किती बाळंतिणी दगावल्या, आणि त्यांतल्या किती वाचायला हव्या होत्या, हे कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. शुभ कार्यात असले कोण विचारणार?

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातले डॉ. डेव्हिड रुटस्टीन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९७६ साली नेमके हेच माप पुढे मांडले. ज्या दुखण्यावर उपाय ठाऊक आहे त्यानेच माणूस अवेळी गेला, तर ती धोक्याची घंटा समजावी आणि हे का झाले ते शोधावे. बाळंतिणींच्या बाबतीत तर इंग्लंडात हे काम १९५२ पासून चालू आहे. बाई गेली की तिचे सगळे कागद जाणत्या डॉक्टरांपुढे जातात. तिचे नाव झाकलेले, उपचार करणाऱ्यांचेही झाकलेले. शिक्षा द्यायची नसते, म्हणून खरे बाहेर येते. प्रश्न एकच, हे मरण टळले असते का?

आपल्याकडचे आकडे सांगते. गरोदरपणात, बाळंतपणात किंवा पुढच्या बेचाळीस दिवसांत बाई त्या कारणाने गेली तर ती ह्या हिशेबात धरतात. महाराष्ट्रात २००१ ते २००३ ह्या काळात दर लाख जन्मांमागे १४९ माता जात. २०१८ ते २०२० मध्ये तो आकडा ३३ वर आला. सगळ्या देशाचा तेव्हा ९७ होता. हे यश मोठे आहे, ते कबूल केलेच पाहिजे. पण त्याच वर्षांत केरळात १९ होता. इंजेक्शन तेच, डॉक्टरांची पुस्तकेही तीच. मग वरच्या चौदा जणींचे काय? मी भाजीचा हिशेब करणारी बाई, मला चौदाचा फरक दिसतोच.

आपण म्हणतो, लोक दवाखान्यात जात नाहीत म्हणून मरतात. तेही खरे आहे. सासूबाई ‘थांब जरा’ म्हणतात, धनी शेतावर असतात, पैसे कपाटात आणि किल्ली दुसऱ्याकडे. पण २०१८ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय पत्रिकेच्या तज्ज्ञांनी अंदाज काढला. त्यात बाळंतिणीच नव्हे, सगळेच रोगी आले. योग्य उपचाराने टळू शकणारी सुमारे २४ लाख मरणे भारतात २०१६ ह्या एका वर्षात झाली. त्यांतले सुमारे १६ लाख लोक उपचारापर्यंत पोचले होते. उपचारच धड झाला नाही. न पोचलेले त्यांच्या निम्मे. हे ऐकून मी वही मिटूनच ठेवली होती.

माझ्या मामेबहिणीचे असेच झाले. ती वेळेवर पोचली होती. बाळ सुखरूप झाले, पेढे आणायला माणूस गेला. तिला रक्त जात होते. मामी पुन्हा पुन्हा सांगत होती, तर उत्तर मिळाले, ‘थोडे जायचेच.’ मामीने सहा फडकी बदलली. पहाटे पळापळ झाली, तोवर उशीर झाला होता. त्या इस्पितळाचे नाव मी इथे घेणार नाही. बाळ आता शाळेत जाते.

थोडे म्हणजे किती? दूध आपण मापाने घेतो, रक्त मात्र नजरेने मोजायचे! म्हणून २०२३ साली छापून आलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटली. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया ह्या देशांतल्या ८० इस्पितळांत, दोन लाखांवर बाळंतपणांत ती करून पाहिली. बाळंतिणीच्या खाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावायची. रक्त खुणेपाशी आले की वाट बघायची नाही. पोट चोळणे, पिशवी आकसण्याचे औषध, रक्त थांबवण्याचे औषध, सलाईन, तपासणी, सगळे एकदम सुरू. नेहमीच्या रीतीत जास्त रक्तस्राव निम्म्याच जणींचा ओळखू आला होता, ह्या रीतीत शंभरांतल्या ९३ जणींचा. फार रक्त जाऊन गत गंभीर झालेल्या बायका शंभरांत चारांहून अधिक होत्या, त्या दोघींहून कमी झाल्या. औषधे तर आधीही कपाटात होतीच. बाईकडे कोणी पाहिले, एवढाच काय तो फरक!

आपल्या देशातही २०१० पासून मातांच्या मृत्यूंची चौकशी करायची पद्धत आहे. पंधरा ते एकोणपन्नास वयाची कोणतीही बाई गेली की आशाताईने कळवायचे, आणि ती माता असेल तर घरी येऊन विचारपूस व्हायची. मामेबहिणीच्या सासरी ती मंडळी आली होती. सासूबाईंनी दारातूनच सांगितले, ‘तिची वेळ भरली होती.’ झाले, कागदावर आणखी काय येणार? सहा फडकी मामीला ठाऊक होती, पण मामी तोवर माहेरगावी परतली होती आणि तिला कोणी विचारले नाही. मला राग त्या सासूबाईंचा येत नाही. घरात तान्हे मूल, चार पाहुणे, त्यात कोण हे उकरणार?

म्हणून मंडळापुढे माझी सूचना आहे. आपल्या आळीत असे काही घडले, देव करो आणि न घडो, तर चौकशीच्या दिवशी आपल्यातल्या दोघींनी त्या घरी बसावे. मूल सांभाळावे, चहा करावा, आणि बाईजवळ जी होती तिला बोलवून घ्यावे. कळा केव्हा लागल्या, गाडी केव्हा आली, रक्त केव्हा दिसले, डॉक्टर केव्हा आले, हे तिने सांगावे. घड्याळातली वेळ सांगता आली तर उत्तमच. कोणावर खापर फोडायचे नाही.

दुसरे, बाळंतिणीजवळ बसणारीने फडकी मोजावीत आणि आकडा मोठ्याने सांगावा. ‘थोडे जायचेच’ म्हटले तरी पुन्हा सांगावा.

येत्या शनिवारी दुपारी चार वाजता माझी पुतणी इथे येणार आहे. धोक्याची लक्षणे कोणती, १०८ ला फोन करून काय सांगायचे, हे ती दाखवील. सुना-लेकींना आणाच, पण सासवांनी अवश्य यावे. बाळंतिणीला केव्हा हलवायचे हे अजून त्याच ठरवतात.