नदीचा तळ आणि समुद्राचा तळ



समुद्र येथून कोठल्या कोठे. त्याच्या तळाचा कचरा आम्हां शिरूरकरांना कशाला सांगता, असे कोणी म्हणेल. पण आपली घोड नदी भीमेला मिळते. भीमा दौंडवरून उजनीच्या जलाशयात, पुढे रायचूरजवळ कृष्णेत, आणि कृष्णा बंगालच्या उपसागरात जाते. तेव्हा घोडेच्या पात्रात टाकलेली पिशवी समुद्राच्या वाटेला लागली म्हणावयाचे. ती वाटेत गाळात रुतेल, नाहीतर मुक्कामी पोहोचेल. नाहीशी मात्र होणार नाही.

तरंगणारे प्लॅस्टिक बुडते कसे? त्यावर शेवाळ धरते, बारीक जीव बसतात, आणि जड होऊन ते तळ गाठते. खोल तळाशी ऊन नाही, पाणी थंड. त्यामुळे तेथे ते फार सावकाश झिजते. पॅसिफिकमधील मारियाना गर्तेत सुमारे १०,९०० मीटर खोलीवर १९९८ साली एक पिशवी दिसली होती!

ग्रीनलंड आणि स्वालबार्ड यांच्यामधील समुद्रात, २,५०० मीटर खोलीवर, जर्मन शास्त्रज्ञांनी छायाचित्रांवरून कचरा मोजला. २००२ साली एका चौरस किलोमीटरला ३,६३५ वस्तू, तर २०११ साली ७,७१०. त्यांत प्लॅस्टिकच अधिक. नऊ वर्षांत दुपटीहून अधिक वाढ!

पण दुसरी हकीकत धीर देणारी आहे. ब्रिटनभोवतालच्या समुद्रतळावर जाळी ओढून १९९२ ते २०१७ अशी पंचवीस वर्षे नोंदी ठेवल्या गेल्या. एकूण प्लॅस्टिक स्पष्टपणे वाढलेही नाही, घटलेही नाही. मासेमारीची जाळी-दोर वाढले, पण पिशव्या कमी झाल्या. त्या भागातील अनेक देशांनी पिशवीला पैसे आकारावयास सुरुवात केली होती. तेवढ्यानेच हे घडले असे शपथेवर सांगता येणार नाही. पण बाजारात माणसाचा हात आवरला, तर त्याची खूण समुद्राच्या तळाशी उमटू शकते, एवढे खरे.

आपल्याकडे पिशव्यांवर बंदी २०१८ साली आली. तिचे फळ काय, हे आपल्या नदीपुरते कोण सांगणार? ते आपणच सांगितले पाहिजे. वैशाखात पाणी ओसरले की नदीचा तळ उघडा पडतो. त्यासाठी पाणबुडी नको. शिरूरच्या विद्यार्थ्यांनी घोडेकाठचा आणि दौंडच्या विद्यार्थ्यांनी भीमेकाठचा, दरवर्षी तोच शंभर पावलांचा पट्टा, मृगापूर्वी तपासावा. पिशव्या किती, बाटल्या किती, हे वहीत लिहावे आणि मग सारे उचलावे. एका वर्षाच्या आकड्याला फारसा अर्थ नाही. दहा वर्षांची वही मात्र आपल्या गावाविषयी खरे बोलेल.

ती वही पुढे कधीतरी याच व्यासपीठावरून वाचली जावो, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.