सून करण्यापूर्वी लेक

(बारामती व इंदापूर तालुक्यांतील समाजबांधवांच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने या वर्षी मला जो विषय नेमून दिला आहे, तो आपल्या व्यासपीठावर पूर्वी फारसा बोलला गेलेला नाही. लग्न करून परदेशी जाणाऱ्या जोडीदाराचा तेथे जम कसा बसावा, आणि परदेशातून आपल्या घरी येणाऱ्या जोडीदाराला आपण कसे सामावून घ्यावे, असा तो विषय आहे. पूर्वी बारामतीची मुलगी इंदापूर तालुक्याच्या पार पूर्वेकडील गावी दिली, तरी आईच्या डोळ्याला पाणी येई आणि मुलगी फार लांब पडली असे ती म्हणे. आज नीरेच्या डाव्या कालव्याकाठी वाढलेली मुलगी टेक्ससला किंवा म्युनिकला नांदावयास जाते, आणि आपण पेढे वाटतो. पेढे वाटण्यास माझी हरकत नाही. परंतु विमान सुटल्यानंतर त्या मुलीचे काय होते, याची चौकशी आपण किती करतो?

या प्रश्नाचा विचार करताना मला आपल्याच समाजातील एक जुनी हकीकत मार्गदर्शक वाटते. होळकर घराण्याचे आडनाव नीरा नदीच्या काठच्या होळ गावावरून आले, हे येथे कोणास सांगावयास नको. त्या घराण्यातील तिसरे तुकोजीराव १९२६ साली गादीवरून दूर झाले. पुढे अमेरिकेतील सिअॅटल शहरच्या नॅन्सी मिलर या तरुणीशी विवाह करण्याचे त्यांनी ठरविले. त्या काळी या गोष्टीवर केवढे वादळ उठले असेल, याची कल्पना आपण करू शकता. सनातनी मंडळींनी विरोध केला, आणि आपल्या समाजातही दोन तट पडले. अखेर मार्च १९२८ मध्ये नाशिक येथे शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांनी तिला विधिपूर्वक हिंदुधर्मात घेतले, तिचे नाव शर्मिष्ठा ठेवण्यात आले, आणि त्याच महिन्यात नर्मदेच्या परिसरातील बडवाह येथे विवाह झाला. मात्र विवाहापूर्वी आणखी एक गोष्ट घडली. एका धनगर कुटुंबाने तिला आपली कन्या म्हणून दत्तक घेतले.

हे दत्तकविधान जातीच्या नियमाची सोय म्हणून झाले, हे मला ठाऊक आहे. त्यामागे राजघराण्याचे वजन होते आणि पैसाही होता. तरीदेखील त्या विधीत आपल्या जुन्या माणसांचे एक शहाणपण आहे, असे मला वाटते. परक्या मुलखातून आलेल्या मुलीला सून करण्यापूर्वी त्यांनी लेक केले. सासरच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवण्याआधी तिला या भूमीत एक माहेर मिळवून दिले. सासरी काही उणे पडले, तर उठून जावयास एक घर, रागावून बोलावयास एक आई, आणि बाजू घेऊन उभे राहावयास एक बाप. कागदावर का होईना, पण ही तजवीज आधी झाली आणि अक्षता नंतर पडल्या. आज मी आपणांपुढे जे काही मांडणार आहे, ते सर्व या एका गोष्टीत सामावलेले आहे. परदेशी गेलेल्या जोडीदाराला पतीचे प्रेम पुरत नाही. त्याला त्या भूमीत स्वतःचे असे माहेर लागते.

आता आपल्या मुलीची स्थिती पाहा. ती पदवीधर आहे, पुण्यास दोन वर्षे नोकरीही केलेली आहे. नवरा अमेरिकेत एच-१बी परवान्यावर नोकरी करतो, म्हणून तिला एच-४ नावाचा आश्रितांचा परवाना मिळतो. नुसत्या या परवान्यावर तिला नोकरी करता येत नाही, आणि नोकरीचा हक्क नसल्यामुळे तेथील सोशल सिक्युरिटी क्रमांकही सहसा मिळत नाही. २०१५ सालापासून अशा काही स्त्रियांना कामाची परवानगी मागता येऊ लागली, परंतु ती पतीचा कायम वास्तव्याचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत पोहोचल्यानंतरच. हिंदुस्थानात जन्मलेल्यांची त्या अर्जांची रांग फार लांब असते. म्हणजे कालपर्यंत स्वतःच्या पगारावर असलेली मुलगी भाजीच्या पैशासाठीही नवऱ्याकडे पाहू लागते. गावात एस. टी. असते, शेजारीण असते, पाणवठा असतो. तेथील पुष्कळ गावांत मोटार चालविता आल्यावाचून घराबाहेर पडता येत नाही. जर्मनीत डिसेंबर महिन्यात दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. इंदापूरच्या उन्हात वाढलेल्या मुलीला त्या अंधाराचे भय वाटले, तर ते तिचे नाजूकपण समजू नये. आणि हे केवळ मुलींचेच आहे असेही नाही. परिचारिका किंवा अभियंता पत्नीच्या मागून गेलेले आपले मुलगेही आज आहेत. बायकोच्या मिळकतीवर घरी बसलो, ही टोचणी ते कोणाजवळ बोलून दाखवीत नाहीत.

यावर उपाय काय? पहिला उपाय लग्न ठरविताना करावयाचा आहे. आपण मुलाचा पगार विचारतो, तेथील घर विचारतो. त्याचबरोबर हेही विचारावे की, मुलीला कोणता परवाना मिळणार आणि त्यावर काम करता येते की नाही. देशादेशांत याचे नियम वेगळे आहेत. जर्मनीत नोकरी करणाऱ्याच्या पत्नीला सामान्यतः काम करण्याची मोकळीक असते, परंतु पुष्कळ प्रसंगी जाण्यापूर्वीच जर्मन भाषेची प्राथमिक परीक्षा द्यावी लागते. काहींना त्यातून सूट मिळते. माझे सांगणे असे की, सूट असली तरी भाषा शिकावी. पुण्यास मॅक्सम्युलर भवन आहे, आणि बारामती-इंदापूरहून पुणे काही परदेश नव्हे. हे नियम वारंवार बदलतात, तेव्हा ऐकीव गोष्टींवर न जाता त्या देशाच्या वकिलातीची त्या वेळची माहिती पाहावी. विवाहाची नोंदणी करून दाखला हाती घ्यावा. पारपत्र मुलीचे मुलीपाशी राहावे आणि त्याची एक नक्कल माहेरी असावी. जाताना सोने देता, ते द्या. पण परतीच्या तिकिटापुरते पैसे तिच्या एकटीच्या नावावर असू द्या.

दुसरा उपाय पतीने करावयाचा आहे, आणि येथे मी आपल्या कुलदैवताचीच साक्ष काढते. खंडोबाने बाणाईला जेजुरीस आणले, ही कथा आपण वाघ्यामुरळीच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आलो. तिला आणण्यापूर्वी देवाने काय केले? वेश पालटून चंदनपुरीस गेला आणि तिच्या वाड्यावर मेंढरे राखण्याची चाकरी केली. प्रत्यक्ष देवाने आधी तिच्या घरची रीत शिकून घेतली, तर माणसाने का शिकू नये? पतीने पहिले सहा महिने असे समजावे की, घरात एक शिकणारी आली आहे आणि आपणही तिच्यापासून शिकणार आहोत. बँकेचे खाते दोघांच्या नावे असावे. मोटार शिकविताना आवाज चढवू नये. आठवड्यातला एक दिवस तिच्या मैत्रिणींचा, तिच्या वर्गाचा, तिच्या ग्रंथालयाचा असावा. जेजुरीचा गड चढताना अर्ध्या वाटेवर बाणाईचे देऊळ लागते. श्रद्धाळू मन त्याचा जो अर्थ लावील तो लावो. आपल्या सुनांना मात्र आपण अर्ध्या वाटेवर राहू देऊ नये.

काम ही तर फार मोठी गोष्ट आहे. याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांची लंडन येथे ओळख झालेली इडिथ कोहन ही ज्यू तरुणी १९२० साली हिंदुस्थानात आली, व्रात्यस्तोम विधीने हिंदू झाली आणि शीलवतीबाई केतकर या नावाने पुण्याच्या संसारात उभी राहिली. तो संसार सुखवस्तू नव्हता. ज्ञानकोशाच्या प्रचंड उद्योगापायी ओढाताण नित्याची होती. परंतु या बाईंना स्वतःचे असे काम होते. विंटरनिट्झ या पंडिताचा भारतीय वाङ्मयाचा जर्मन इतिहास त्यांनी इंग्रजीत आणला, आणि त्याचा पहिला खंड १९२७ साली कलकत्ता विद्यापीठाने प्रसिद्ध केला. डॉक्टरांचे १९३७ साली निधन झाले. पुढे बाईंनी आपली जीवनकथा सांगितली, ती मराठीत, आणि तिला नाव दिले ‘मीच हे सांगितलं पाहिजे’. परदेशातून आलेली स्त्री जेव्हा येथील भाषेत ‘मीच’ म्हणते, तेव्हा ती येथे रुजली असे समजावे. आपली मुलगी तिकडे पगाराची नोकरी करू शकत नसेल, तरी शिक्षण, परीक्षा, सेवाकार्य, मराठी शाळा असे कोणतेतरी काम परवान्याच्या नियमात बसवून तिने पहिल्या वर्षीच हाती घ्यावे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ आहे. त्यांच्या दाराशी तिला कोणीतरी नेऊन सोडले पाहिजे.

उलट दिशेने येणाऱ्या सुनेचाही विचार करू. उद्या आपल्या वस्तीवर जपानची किंवा पोलंडची मुलगी सून म्हणून आली, तर आपण पहिल्या दिवशी तिला साडी नेसवून छायाचित्र काढतो आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या चुका मोजतो. तिला सरकारी नोंदणी वेळेवर करावी लागते, त्यात घरच्यांनी बरोबर जावे. भारतीय नागरिकाशी झालेला विवाह नोंदलेला असून दोन वर्षे टिकला, म्हणजे तिला प्रवासी भारतीय नागरिकाचे, ज्यास ओसीआय म्हणतात ते, पत्र मागता येते. परंतु त्यावर मतदानाचा हक्क नाही, आणि शेतजमीन खरेदी करता येत नाही. ऊस आणि डाळिंबाच्या आपल्या मुलखात, जेथे सातबारा हीच पत, तेथे हे आधी समजून घेतलेले बरे. तिच्या नावावर दुसरी मिळकत करून द्यावी. आणि शेजारच्या एखाद्या प्रौढ भगिनीने पुढे होऊन म्हणावे, की ही आजपासून माझी लेक. तो दत्तकविधी एवढ्या एका वाक्यात पार पडतो.

आपण धनगर आहोत, परमुलखात जाणे आपल्याला नवे नाही. दसरा-दिवाळीनंतर आपले वाडे कोकणाकडे उतरत आणि पावसाळ्यापूर्वी घाट चढून परत येत. आजही काही वाडे जातात. घोड्यावर बिऱ्हाड लादून निघालेल्या त्या वाड्यात नवी नवरी कधी एकटी पडत नसे. पाणी कोठे आहे, चूल कोणत्या बाजूस मांडावी, कोणत्या गावचा शेतकरी मेंढरे बसविल्याचे धान्य बिनतक्रार देतो, हे तिला थोरल्या बाया चालता चालता सांगत. मुलूख परका असे, पण वाडा आपला असे. आज मुलगी जाते ती वाड्यावाचून जाते, एवढाच फरक पडला आहे. तो वाडा तिच्याबरोबर देणे आपल्या हाती आहे.

म्हणून मी तीन सूचना करते. संघाने परदेशी असलेल्या आपल्या कुटुंबांची, त्यांच्या संमतीने, गावनिहाय वही ठेवावी. लग्न ठरलेल्या प्रत्येक मुलीला त्या वहीतील एक घर निघण्यापूर्वी माहेर म्हणून नेमून द्यावे, आणि त्या घराने पहिले वर्षभर पंधरा दिवसांतून एकदा तरी तिची विचारपूस करावी, तीही नवऱ्याच्या नव्हे तर तिच्या दूरध्वनीवर. तिसरी सूचना अडचणीच्या प्रसंगाची. मारहाण झाली, सोडून दिले, पारपत्र काढून घेतले, अशी वेळ आली तर अमेरिकेत ९११ आणि युरोपात ११२ हा क्रमांक तिला पाठ असावा. भारतीय वकिलातीत अडचणीतील नागरिकांसाठी कल्याणनिधी असतो, परराष्ट्र खात्याची ‘मदद’ ही तक्रारीची सोय आहे, आणि राष्ट्रीय महिला आयोगात २००९ पासून परदेशस्थ विवाहांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र कक्ष आहे. ही माहिती छापून लग्नाच्या आहेराबरोबर द्यावी.

शेवटचे बोलणे मात्र येथे बसलेल्या आईबापांशी आहे. तिकडचे माहेर आपण उभे करू. पण इकडचे खरे माहेर उघडे आहे काय? दूरध्वनीवर मुलगी म्हणते, ‘मी बरी आहे’. तिचा आवाज बरा नसतो, हे आईला कळते. तरीही आई म्हणते, ‘थोडे सोस, लोक काय म्हणतील’. त्या लोकांत मीही येते आणि आपण सारे येतो. म्हणून आज या मेळाव्यात आपण एवढे ठरवून उठावे, की कोणाची लेक परदेशातून अवेळी परत आली तर आपल्या तोंडून ‘का आलीस’ हा प्रश्न निघणार नाही. आधी तिला जेवू घालावे आणि निजू द्यावे. बाकीचे बोलणे तिला वाटेल तेव्हा होईल.