गाण्याचा तास कोणाच्या वाट्याला?



साहित्य, संगीत आणि कला यांच्यावाचून राहिलेला माणूस म्हणजे शिंगे-शेपूट नसलेला पशूच, असे भर्तृहरीने म्हणून ठेवले आहे. व्यासपीठावरून हे वचन वारंवार ऐकू येते. त्यातून निघणारा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. ज्या मुलाला कला कोणी दिलीच नाही, त्याचा दोष काय? दोष असेल तर तो न देणाऱ्या समाजाचा. म्हणूनच शाळेतील संगीत आणि कला हा हौसेचा नव्हे, कर्तव्याचा विषय आहे.

यवतमाळ, वणी किंवा पुसद येथील सुखवस्तू घरातले मूल सायंकाळी पेटीच्या नाहीतर तबल्याच्या शिकवणीला जाते. त्याचे कौतुकच व्हावे. परंतु झरी-जामणी, मारेगाव, केळापूर भागातील कोलामांच्या पोडावर किंवा पुसद-दिग्रसकडच्या बंजारा तांड्यावर अशी शिकवणी कोठून असणार? तेथील मुलासाठी एकच दार उघडे असते, ते जिल्हा परिषदेच्या शाळेचे. वेळापत्रकात कलेचा तास तेथेही असतो. मात्र गणिताचा भाग मागे पडला किंवा गुरुजींच्या माथी एखादे सर्वेक्षण आले, की पहिला बळी याच तासाचा जातो. मध्यमवर्गाने आपल्या मुलांची सोय शाळेबाहेर करून घेतली आणि शाळेतला तास गेल्याची खंत करणारे कोणी उरले नाही. हे कटू आहे. पण ऐकले पाहिजे.

महाराष्ट्राची परंपरा याच्या नेमकी उलट आहे. एकेकाळी गायनविद्या दरबारात आणि घराण्यांच्या चौकटीत राहिली होती. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर बालपणीच्या अपघाताने दृष्टी गमावून बसले आणि मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. पुढे राजाश्रयाचा मार्ग सोडून त्यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय उघडले. ते चालले लोकांच्या आश्रयावर. पंडित विष्णु नारायण भातखंडे हे व्यवसायाने वकील. त्यांनी देशभर फिरून बंदिशी मिळवल्या, त्या स्वरलिपीत बांधल्या आणि क्रमिक पुस्तकांच्या रूपाने मराठीतून सामान्य विद्यार्थ्याच्या हाती दिल्या. गाणे ही मूठभरांची मिरास नव्हे, हाच या दोन विष्णूंच्या कार्याचा अर्थ. तीच विद्या आज फी भरू शकणाऱ्यांपुरती राहत असेल, तर त्यांची जयंती-पुण्यतिथी साजरी करून काय साधणार?

शिदोरी घरचीच

पोडावरचे मूल शाळेत रिकाम्या हाताने येत नाही. दिवाळीच्या सुमारास ढोलाच्या ठेक्यावर चालणारी दंडार त्याने पाहिलेली असते. तांड्यावरच्या मुलाच्या कानात होळीची लेंगी असते. गावागावांत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी आणि सामुदायिक प्रार्थना पोहोचलेली आहे. पण शाळेत पाऊल टाकताच हे सारे जणू उंबऱ्याबाहेर ठेवावे लागते. घरी कोलामी, गोंडी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या त्या बालकापुढे पहिल्या दिवशी अनोळखी प्रमाण मराठी उभी राहते आणि ते गप्प बसते. त्या मौनाला मंदबुद्धी समजणे हा घोर अन्याय होय. घरचे गाणे वर्गात आले, तर तेच मूल पहिल्यांदा मान वर करून उभे राहील.

हा केवळ भावनेचा मुद्दा नाही. हंगेरीत झोल्तान कोदाय या संगीतकाराने मुलांच्या परिचयाची लोकगीते हाच शालेय संगीताचा पाया मानला. त्या विचारावर केचकेमेत येथे १९५० मध्ये संगीतप्रधान प्राथमिक शाळा उभी राहिली. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात परिसरातल्याच वस्तू, गाणी आणि गोष्टी घेऊन आदिवासी बालकांचे शिक्षण उभारले. दिशा ठाऊक आहे; चालायचे तेवढे राहिले आहे.

आधी वाचन, मग गाणे?

एक आक्षेप प्रामाणिकपणे घेतला जातो. मुलांना धड वाचता येत नाही. तेथे गाणी कसली? परंतु फळ्यावर लिहिलेले, पाठ असलेले गीत बोटाने दाखवत वाचणे हा वाचनाचाच पाठ आहे. दादऱ्याच्या सहा मात्रा, केरव्याच्या आठ, त्रितालाच्या सोळा आणि त्यांची दुगुण टाळीवर मोजणारे मूल गणितच करीत असते. शिवाय समूहगानात दुसऱ्याचा सूर ऐकावा लागतो, आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते. शिस्तीचा याहून गोड पाठ दुसरा नाही.

या जिल्ह्याचे नाव देशभर शेतकरी आत्महत्यांमुळे घेतले जाते. गाण्याने कर्ज फिटत नाही, कापसाला भाव मिळत नाही. तसा दावा कोणी करू नये. पण दुःखाने मुके झालेल्या घरातील मुलाला दिवसातून एकदा इतरांच्या स्वरात स्वर मिसळता यावा, हे थोडे नव्हे.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. सहावी ते आठवीच्या शाळेत शंभरांहून अधिक विद्यार्थी असतील, तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असे त्याच्या अनुसूचीत नमूद आहे. पोड-तांड्यावरची छोटी प्राथमिक शाळा या तरतुदीत बसतच नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने अभ्यास आणि कला यांतील भिंत पाडण्याचा संकल्प केला आहे. मात्र कागदावर पडलेली भिंत गावात आपोआप पडत नाही. ती समाजाने पाडावी लागते.

शाळा व्यवस्थापन समितीत बहुसंख्य पालकच असतात. कलेचा तास झाला की नाही, हे त्यांनी दर महिन्याला विचारावे. गावातील दंडारीचा जुना जाणता ढोलवादक, भजनी मंडळातील मृदंगी यांना सन्मानाने वर्गात बोलवावे. टाळ आणि खंजिरी यांना मोठा खर्च लागत नाही. शहरातल्या ज्या घरांत पेटी आहे, तेथील एखाद्याने आठवड्याचे दोन तास जवळच्या सरकारी शाळेला द्यावेत. शिकवताना तेथील मुलांकडून एक लेंगी शिकूनही यावी. स्नेहसंमेलनापुरती पंधरा दिवस फीत लावून बसवलेली नृत्ये म्हणजे कलाशिक्षण नव्हे. वर्षभराचा रियाज म्हणजे शिक्षण.

पलुस्करांनी परक्या नगरीत गायनाचे दार सर्वांसाठी उघडले. आपल्याच गावच्या शाळेतले दार उघडे ठेवणे एवढेच आज अपेक्षित आहे.