उन्हाळा आणि बलोपासना



गावोगावच्या तालमींत व पोलीस भरतीसाठी मैदानांवर तरुणांचा सराव उन्हाळ्यातही चालू असतो. उष्म्याने क्षणभराचे बळ फारसे घटत नाही. मात्र जोर-बैठकांची आवर्तने वाढली की रक्ताचा मोठा वाटा त्वचेकडे वळतो, हृदयावर ताण पडतो व थकवा लवकर येतो. शरीर उष्म्यास सरावण्यास सुमारे १० ते १४ दिवस लागतात. म्हणून आरंभी व्यायाम हलका व पहाटेच्या वेळी असावा. पिण्याचे पाणी जवळ असावे. कोणी असंबद्ध बोलू लागल्यास अथवा भोवळ येऊन पडल्यास त्याला कच्चा न समजता सावलीत न्यावे, अंगावर गार पाणी ओतून वारा घालावा व तत्काळ रुग्णालयात पोहोचवावे. शिक्षक व पंचायत सदस्यांनी एवढी दक्षता घेतल्यास बलोपासना जिवावर बेतणार नाही.