वेग गाडीचा, मर्यादा आपली



मी सातवी शिकलेली साधी गृहिणी. मोटार मला चालवता येत नाही. पण माझा मुलगा चालवतो, आणि मित्राची वेगवान गाडी दिसली की त्याचा हात शिवशिवतो. आपल्यापैकी पुष्कळजणींच्या घरी हेच असेल. माझे धाकटे दीर गाड्या दुरुस्त करतात. त्यांच्याकडून मी हा विषय समजावून घेतला.

ते म्हणाले, "वहिनी, गाडीची ताकद विकत मिळते, हात विकत मिळत नाही."

१९७५ साली विक्रीला आलेली पोर्शे ९११ टर्बो ही गाडी २६० अश्वशक्तीची. इंजिन अगदी मागे. चुलीवरचे दूध बराच वेळ गप्प असते आणि एकदम उतू येते, तशी तिची ताकद क्षणभर थांबून एकदम येई. वळणावर घाबरून चालकाने पाय उचलला, तर भार पुढे जाई, मागच्या चाकांची पकड सुटे आणि गाडी गरकन फिरे. म्हणजे वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी. वळणात शिरल्यावर शहाणपण सुचून उपयोग नाही.

आजच्या गाड्यांत सावरणारी यंत्रे असतात. पण टायरची पकड संपली की तीही काय करणार? ताशी १०० किलोमीटर वेगाला गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर जाते. वेग दुप्पट केला, तर ब्रेक दाबल्यावर थांबायला अंतर चौपट लागते.

आता निकी लाउडाची गोष्ट ऐका. ऑस्ट्रियाचा हा जगज्जेता चालक १ ऑगस्ट १९७६ रोजी जर्मनीतील शर्यतीत भयंकर भाजला. सहा आठवड्यांत तो पुन्हा शर्यतीत उतरला, म्हणजे भित्रा खासच नव्हे. त्याच वर्षी जपानमध्ये शेवटची शर्यत होती. पाऊस मुसळधार, समोरचे दिसेना. दोन फेऱ्या झाल्यावर त्याने गाडी बाहेर घेतली. अजिंक्यपद एका गुणाने गेले! नावे ठेवणारेही निघाले. पण १९७७ साली त्याने ते परत मिळवले, १९८४ साली पुन्हा एकदा मिळवले, आणि वयाच्या ७० व्या वर्षापर्यंत तो जगला.

भगिनींनो, "हळू चालव" हे आपले बोलणे मुलांच्या एका कानातून जाते आणि दुसऱ्यातून निघते. त्याऐवजी विचारावे, "बाळा, ही घसरली तर तुला सावरता येईल का?" उत्तर त्याचे त्यालाच कळेल. शिकण्याची हौस असेल, तर चेन्नईजवळ, कोइमतूरला शर्यतीचे बंदिस्त मार्ग आहेत. तेथे जाणत्या माणसाकडून शिकावे. रस्त्यावर दुसऱ्यांचीही लेकरे चालत असतात.

थांबता येणे हाही पुरुषार्थच आहे, हे आपण आयांनी मुलांना सांगू या.