तत्त्वज्ञानाची पदवी, पहिला पगार आणि बँकेचे कर्ज

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज आम्ही पैशावर बोलणार आहोत. विहारात पैशाची गोष्ट कशाला, असे कुणी म्हणेल. पण भगवान बुद्धांनी गृहस्थांशी पैशावर बोलायचे कधी टाळले नाही. अनाथपिंडिकाला त्यांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली. त्यातले एक सुख म्हणजे डोक्यावर कुणाचे देणे नसणे. अंगुत्तर निकायात हे आहे.

विषय निघाला तो असा. आपल्या वस्तीतली एक मुलगी बारावी झाली. वर्षावासात इथली प्रवचने ऐकून तिला गोडी लागली. ती म्हणते, मला तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. करायचे. बाप म्हणतो, "फिलॉसॉफी करून पोट भरतं का? तिच्या वर्गातली पोरगी मॉलमध्ये लागली, महिन्याला बारा हजार घरात आणते." मामाने एका खासगी विद्यापीठाचे गुळगुळीत माहितीपत्रक आणले. तो म्हणतो, "शिकू दे तिला, बँक कर्ज देते." दोघेही तिच्या भल्याचेच बोलतात. पण हिशेब कुणीच मांडलेला नाही.

आधी बापाचे बघू. महिना १२ हजार धरले तर ३ वर्षांचे ४ लाख ३२ हजार होतात. एवढी मिळकत घर सोडून देणार. अनुदानित कॉलेजातली कला शाखेची फी त्यापुढे काहीच नाही. म्हणजे शिक्षणाचा खरा खर्च फी नाही, घरात न आलेला पगार हा आहे. तेव्हा बापाला अडाणी म्हणून कुणी हसू नये. त्याने बरोबर जागी बोट ठेवले आहे.

पण लवकर आलेला पगार टिकतो का, हेही बघा. आम्ही अठराव्या वर्षी मिलमध्ये बदलीला लागलो. घरात आनंद झाला, पेढे वाटले. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांना उतरती कळा लागलेली होतीच. एक दिवस आमच्याही खात्याचा भोंगा थांबला. हातात राहिले काय? हजेरीचे कार्ड. मॉलची नोकरी गिरणीपेक्षा पक्की आहे असे ज्याला वाटते, त्याने तिथल्या कंत्राटाचा कागद एकदा वाचून बघावा.

आता मामाचे कर्ज. ४ लाखांपर्यंत बँका सहसा तारण मागत नाहीत, साडेसात लाखांच्या वर मागतात. १० टक्के व्याजाने ४ लाख घेतले आणि १० वर्षांत फेडायचे ठरवले, तर हप्ता सुमारे ५,३०० रुपये पडतो. एकूण ६ लाख ३४ हजार भरावे लागतात, आणि शिकत असतानाचे व्याज त्यात धरलेले नाही. केंद्राची व्याज अनुदानाची एक योजना आहे, पण ती व्यावसायिक आणि तांत्रिक अभ्यासक्रमांना. साध्या बी.ए.ला ती लागू नाही.

त्यातली खरी मेख सांगतो. साधारणपणे कोर्स संपल्यावर एक वर्षाने हप्ता सुरू होतो. पोरगी आज अठराची. एकविसाव्या वर्षी बी.ए., बाविसाव्या वर्षी पहिला हप्ता, आणि एम.ए. होणार तेविसाव्या वर्षी. तत्त्वज्ञानाचे फळ तर एम.ए.नंतरच हाती लागते. नेट द्यायची, जे.आर.एफ. मिळाली तर संशोधनाला महिना ३७ हजार, हा दर २०२३ पासूनचा. सगळ्यांना ती मिळत नाही, हेही सांगून ठेवतो. पण जिच्या मानेवर हप्ता बसला ती नेटपर्यंत पोचतच नाही. बाविसाव्या वर्षी मिळेल ती नोकरी धरते. म्हणजे ज्या शिक्षणासाठी कर्ज काढले, तेच कर्ज ते शिक्षण अर्ध्यावर तोडते. इंजिनिअरची गोष्ट निराळी, त्याचा पगार पदवीबरोबर सुरू होऊ शकतो.

बाबासाहेबांचे उदाहरण सगळेच देतात, पण पैशाचा क्रम कुणी सांगत नाही. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबियाला गेले. तिथे अर्थशास्त्राबरोबर जॉन ड्यूईंकडे तत्त्वज्ञानही शिकले. त्या शिष्यवृत्तीलाही बडोद्याच्या नोकरीचा करार बांधलेला होता. १९१७ ला मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. मग सिडनहॅम कॉलेजात ४५० रुपयांची प्राध्यापकी केली, रमाईने काटकसरीने घर चालवले, शिल्लक टाकली. १९२० साली शाहू महाराजांची मदत मिळाली, आणि राहिलेल्यासाठी मित्र नवल भथेनांकडून ५ हजार उसने घेतले. कर्ज शेवटी आले, आणि तेही मित्राचे.

तेव्हा आमचे म्हणणे असे, की मुलीला तत्त्वज्ञान घेऊ द्या, पण बी.ए.साठी कर्ज नको. ते माहितीपत्रक मामाला परत द्या. अनुदानित कॉलेज बघा. घराचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, वर असेल तरी फ्रीशिप आहे. पुढे बँक, एम.पी.एस.सी. अशा ज्या परीक्षांना कोणतीही पदवी चालते, तिथे हीसुद्धा चालते. यू.पी.एस.सी.ला तर तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषयच आहे. आणि ज्या घरात दुसरे कमावणारे कुणी नाही, तिथे पोरीने खुशाल नोकरी धरावी आणि मुक्त विद्यापीठातून शिकावे. नोकरी करून शिकणाऱ्यांची सोय व्हावी म्हणूनच सिद्धार्थ कॉलेजात सकाळचे वर्ग निघाले होते.

राहिला बुडालेल्या पगाराचा प्रश्न. तो सगळा भरून देणे आपल्याला जमणार नाही. पण आपल्या वस्तीतल्या ४० घरांनी महिना ५० रुपये काढले तर २ हजार होतात, ३ वर्षांचे ७२ हजार. जयंतीला एका रात्रीच्या डी.जे.चे काय बिल होते, ते खजिनदारांना विचारा. आम्ही आकडा इथे सांगत नाही, भन्तेजी बसले आहेत.

पहिले ५० रुपये आम्ही आजच खजिनदारांकडे दिले आहेत. महाडीबीटीचे अर्ज भरायला विहारात दर रविवारी संध्याकाळी ७ वाजता दोन मुले बसतील. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, बारावीची गुणपत्रिका, आधार आणि बँकेचे पासबुक घेऊन यावे. उत्पन्नाचा दाखला मिळायला वेळ लागतो, त्यासाठी उद्याच अर्ज टाका.

जय भीम.